मदत हवी आहे : आई आणि लहान मुलांसह नांदूर मध्यमेश्वर, पहाटे जावे की दुपारी?

नमस्कार. येत्या जानेवारीतील एका रविवारी नाशिकरोडहून नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात एक दिवसाची सहल करण्याचा आमचा विचार आहे. सोबत पत्नी, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि एकाहत्तर वर्षांची आई असेल. आईच्या गुडघ्यावर दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली असल्यामुळे सपाट वाटेवर ती काठीच्या आधाराने दहा-पंधरा मिनिटे चालू शकते, जिना मात्र चढू शकत नाही.

खरे तर ही सहल तिच्यासाठीच आहे. तिचे माहेर निफाड तालुक्यातले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा जुना दगडी बंधारा तिने लहानपणी पाहिलेला आहे. परंतु १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाल्यानंतर तिचे तिकडे जाणेच झाले नाही. हे ठिकाण महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरल्याची बातमी तिने वर्तमानपत्रात वाचली, तेव्हापासून "आमच्या बंधाऱ्यावर एकदा नेऊन आण" हे तिचे पालुपद सुरू आहे.

अडचण अशी की, मागे आम्ही दोघेच गेलो होतो तेव्हा पोहोचायला अकरा वाजले. ऊन चढलेले, पाण्यावरची हवा थरथरणारी आणि बदके म्हणजे दूरवर सांडलेले काळे तीळ. पहाटे जायला हवे होते, असे तेव्हा सर्वांनी सुनावले. पण जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, आणि आईला दम्याचा त्रास आहे. तिला आणि चार वर्षांच्या मुलाला पहाटे पाच वाजता गाडीत बसवावे की नाही, याचा निर्णय होत नाही. शिवाय पक्षीनिरीक्षणाच्या मनोऱ्यावर न चढता आईला काही दिसेल का आणि दुर्बीण कोणती न्यावी, हेही कृपया सांगावे. धाकट्याला फक्त रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे आहेत, बाकी पक्ष्यांशी त्याला कर्तव्य नाही.

प्रतिसाद :

आपण पहाटेचा आग्रह सोडावा, असे मी सुचवेन. टाळायची आहे ती साधारण दहा ते तीन ही वेळ. दुपारी साडेतीनपासून सूर्यास्तापर्यंतचा प्रकाशही पक्षी पाहण्यास उत्तम असतो. घरी जेवून निघा, चापडगावच्या बाजूने प्रवेश करा आणि प्रवेशद्वार किती वाजता बंद होते, हे आधी विचारून ठेवा. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी संध्याकाळी लव्हाळ्यांवर घिरट्या घालू लागला की पाण्यावरची बदके एकदम उठतात. चार वर्षांच्या मुलालाही तेवढा वेळ खिळवून ठेवायला हे दृश्य पुरेसे आहे.

आईंसाठी घडीची खुर्ची न्या. मनोऱ्यावरून विस्तार दिसतो हे खरे, परंतु काठावर एका जागी अर्धा तास शांत बसणाऱ्याला जे जवळून दिसते, ते सतत पुढे चालणाऱ्याला दिसत नाही. जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या, राखी बगळा आणि पाणवनस्पतींवरून चालणारा कमळपक्षी यांच्यासाठी चढउतार करावी लागत नाही. स्थानिक वाटाड्या अवश्य घ्या. त्याच्याकडे तिकाटण्यावरची (ट्रायपॉडवरची) मोठी दुर्बीण असल्यास आईंना बसल्या जागी थापट्या आणि तलवार बदकही दाखवता येतील. स्वतःची दुर्बीण विकत घेणार असाल तर ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्या; दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण हातात अधिक थरथरते आणि मुलीला त्यात पक्षी सापडेपर्यंत तो उडून गेलेला असतो.

एक गोष्ट मात्र सहसा कोणी विचारात घेत नाही, ती म्हणजे पाण्याची पातळी. हा जलाशय मुळात पक्ष्यांसाठी नव्हे, तर गोदावरीच्या कालव्यांना पाणी देण्यासाठी बांधलेला आहे. गाळ साचल्यामुळे तो उथळ झाला, त्यात बेटे आणि दलदल तयार झाली, म्हणून पक्षी आले. वरच्या धरणांतून सिंचनाचे आवर्तन सुटले आणि येथील पातळी वाढली, की चिखलाचे पट्टे बुडतात आणि त्यांत चोच खुपसून खाणारे पक्षी दुसरीकडे जातात. निघण्याच्या आदल्या दिवशी वाटाड्याला दूरध्वनी करून "चिखल उघडा आहे का?" एवढे विचारा. रोहितांचे उत्तरही त्यातच मिळेल, कारण त्यांना उथळ पाणी लागते. तरीही मुलाला तसे वचन देऊ नका. त्याला वारकरी दाखवा: काळाभोर पक्षी, कपाळावर पांढराशुभ्र टिळा, आणि थव्यात निघालेला म्हणजे दिंडीच.

मूळ प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. दुपारचाच बेत नक्की केला आहे आणि खुर्ची गाडीत ठेवली आहे. वारकऱ्याचे वर्णन आईला वाचून दाखवले, तेव्हा "अरे, हा तर आमचा चांदवा" असे म्हणून तिने धाकट्याला जवळ घेतले आणि त्याच्या कपाळावर बोट टेकवून तो टिळा कुठे असतो ते दाखवले. आता तो रोहित आणि चांदवा असे दोन पक्षी मागतो आहे.