मदत हवी आहे: १९८२ ची पोर्श ९११ एससी गरम झाली की स्टार्टच होत नाही

मंडळी, इथे टेक्सासमध्ये माझ्याकडे १९८२ ची ९११ एससी आहे, ३ लिटर एअर-कूल्ड, के-जेट्रॉनिक (बॉशचं मेकॅनिकल) फ्युएल इंजेक्शन. सकाळी थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू होते आणि चालतेही मस्त, पण तासभर चालवून पेट्रोल भरायला थांबलं आणि पंधरा-वीस मिनिटांनी किल्ली फिरवली की नुसता सेल्फ फिरत राहतो, मग एकदाची लंगडत उठते आणि मागून पांढरट धूर काढून नॉर्मल होते. बंद करून लगेच चालू केली तर काहीच त्रास नाही!

बॅटरी नवीन आहे, स्पार्क चांगला आहे. माझा संशय रेसिड्युअल प्रेशरवर आहे, म्हणजे इंजिन बंद केल्यावर लाइनमध्ये प्रेशर टिकत नसणार आणि उष्णतेने पेट्रोलची वाफ होत असणार. आता गळती नक्की कुठे ते कळत नाहीये. फ्युएल अ‍ॅक्युम्युलेटर (इंजिन बंद झाल्यावर लाइनमधलं प्रेशर टिकवून ठेवणारा डबा), पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल टाकीकडे मागे जाऊ न देणारा) की इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे)? इथला मेकॅनिक म्हणतो सगळंच बदला, पण पार्ट्स महाग आहेत हो आणि उगाच चांगला पार्ट काढून टाकायला जीव होत नाही.

अ‍ॅक्युम्युलेटरच्या मागचा रिटर्न पाइप काढून पंप चालवला आणि तिथून पेट्रोल आलं तर डायफ्राम (त्याच्या आतला पडदा) फाटलाय, एवढं माहितीये. तिथे कोरडं निघालं तर पुढे काय तपासू? गेज लावून चेक व्हॉल्व्ह आणि इंजेक्टर वेगळे कसे ओळखायचे, कोणी केलंय का? आणि कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह (थंड इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल देणारा) गळत असेल तर पण असंच होतं का? प्लीज सांगा, फार जिव्हाळ्याची गाडी आहे.