मिनी-स्प्लिट हीट पंप: कोटेशनपलीकडे खरा खर्च किती? सल्ला हवा

रानजाई:
नमस्कार मंडळी. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळ राहतो. घर १९५४ सालचं, केप पद्धतीचं (वरचा मजला उतरत्या छताखाली), साधारण १६०० चौरस फूट. तळघरात तेलावर चालणारा बॉयलर आणि खोल्यांत भिंतीलगत गरम पाण्याचे बेसबोर्ड. डक्ट नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात खिडक्यांत एसी लावावे लागतात. बॉयलर २६ वर्षांचा झालाय आणि गेल्या वर्षी ६०० गॅलन तेल लागलं.

म्हणून मिनी-स्प्लिट हीट पंप बसवायचा विचार आहे, म्हणजे डक्टशिवाय चालणारं, हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणणारं आणि उन्हाळ्यात एसी होणारं यंत्र. त्यासाठी तीन कंत्राटदार येऊन गेले. कोटेशन आली १७,२०० डॉलर, २३,८०० आणि २९,५००. पहिला पंधरा मिनिटांत घर बघून गेला. दुसऱ्याने प्रत्येक खोलीत एक असे पाच हेड (हवा सोडणारे आतले भाग) आणि बाहेर एकच मोठं युनिट सुचवलंय. तिसऱ्याने इलेक्ट्रिक पॅनेल बदलायचंही त्यातच धरलंय. घर एकच, मग १२,००० डॉलरचा फरक कसा?

आई-बाबा साताऱ्याहून एप्रिलमध्ये येतात. वरची खोली तापतच नाही. आई स्वेटर आणि मोजे घालून, वर शाल गुंडाळून खाली स्वयंपाकघरात येऊन बसते. मला ते बघवत नाही. ज्यांनी बसवलंय त्यांनी खरे आकडे सांगावेत.

गोदाकाठ:
आम्ही २०२३ मध्ये केलं, तुमच्यासारखंच जुनं घर. माझा हिशेब जसा झाला तसा देतो.

मूळ कोटेशन २१,४०० चं. त्याआधी घर तपासायला माणूस आला. तो माळ्यावर चढला आणि पाच मिनिटांत खाली येऊन म्हणाला, इथे इन्सुलेशन घालता येणार नाही. आमच्या माळ्यावर चिनी मातीच्या बोंड्यांवरून नेलेली शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीची वायर होती. ती काढून नवी टाकायला ४,२०० गेले. पॅनेल १०० अँपिअरचं होतं, ते २०० चं केलं: ३,६००. इन्सुलेशनचा बराचसा खर्च मास सेव्ह या इथल्या ऊर्जाबचत योजनेने उचलला, आमच्या वाट्याला १,१०० आले.

मग ज्याचा आम्ही विचारच केला नव्हता ते निघालं. अंघोळीचं पाणी बॉयलरच तापवत होता! बॉयलर काढला तर गरम पाणी कुठून येणार? वेगळा हीट पंप वॉटर हीटर घेतला, ३,४००. जुनी तेलाची टाकी उचलून न्यायचे ९००. एकूण ३४,६०० झाले. त्यातून मास सेव्हच्या रिबेटचे १०,००० आणि केंद्राच्या करसवलतीचे २,००० वजा करून आमच्या खिशातून २२,६०० गेले.

यातली केंद्राची करसवलत आता धरू नका. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्राला ती मिळत नाही. मास सेव्हच्या रिबेटची रक्कमही बदलत असते, तेव्हा या वर्षाचा आकडा बघूनच हिशेब करा. बिनव्याजी हीट लोन मिळतं त्याची चौकशी नक्की करा. रिबेटचा चेक काम झाल्यावर येतो, तोपर्यंत पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात.

झुळूक:
मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रानजाई, तिघांपैकी कोणी मॅन्युअल जे काढून दिलं का? म्हणजे प्रत्येक खोलीची भिंत, खिडकी, छत मोजून कडाक्याच्या थंडीत ताशी किती बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) लागतील याचा हिशेब. तुमच्या ६०० गॅलनवरून माझा अंदाज ३०,००० च्या आसपास येतो. पंपाचा एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, तेव्हा अडीच टनांत तुमचं घर भागायला हवं. पाच हेडवाल्याने किती टन धरलेत ते बघा.

पाच हेड आणि बाहेर एक युनिट, याला माझा स्पष्ट विरोध आहे. लहान बेडरूमला बहुतेक दिवस दोन-तीन हजार बीटीयू पुरतात. बाहेरचं मोठं युनिट एका मर्यादेखाली उतरू शकत नाही. मग ते सारखं चालू-बंद होतं, वीज खातं आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं. त्यापेक्षा एक हेड-एक युनिट अशा दोन-तीन स्वतंत्र जोड्या घ्या. कार्यक्षमता जास्त मिळते आणि एक बंद पडली तरी घर गारठत नाही.

वरची खोली तापत नाही ते मात्र पंपाने सुटेलच असं नाही. केपच्या वरच्या मजल्यावर उतरत्या छतामागे बुटकी भिंत असते आणि तिच्यामागे रिकामी पोकळी. त्या भिंतीतलं छोटं दार उघडून हात लावून बघा.

आता बसवणाऱ्याला विचारायचे प्रश्न. तांब्याच्या नळ्यांचे फ्लेअर जोड टॉर्क रेंचने आवळणार का? नायट्रोजन भरून दाबाची चाचणी घेणार का? व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली नेणार का? जो या प्रश्नांवर वैतागेल त्याला काम देऊ नका. मी बघितलेल्या गळत्यांपैकी बहुतेक त्या जोडांतूनच होत्या, आणि दोन वर्षांनी गॅस भरायला आलेला माणूस फुकट येत नाही.

कोथरूडकर:
पण बिल किती वाचतं? आमच्या ओळखीत एकाने पंप बसवला आणि हिवाळ्यात विजेचं बिल बघून कपाळाला हात लावला.

गोदाकाठ:
हा हिशेब प्रत्येकाने आधी कागदावर करावा. एका गॅलन तेलात साधारण १,३८,००० बीटीयू असतात. बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम धरला तर घरात येतात १,१७,०००. पंप हिवाळाभर सरासरी विजेच्या २.७ पट उष्णता देतो असं धरलं, तर एका युनिटमागे ९,२०० बीटीयू. म्हणजे एक गॅलन तेल बरोबर १२.७ युनिट वीज. आपल्याकडे ३० सेंट दराने त्याचे ३ डॉलर ८० सेंट होतात. तेल ३.६० ला मिळत असेल तर पंप थोडा महागच पडतो, ४.२० झालं की स्वस्त.

आता मॅसॅच्युसेट्समधल्या मोठ्या वीजकंपन्यांनी पंपवाल्यांसाठी नोव्हेंबर ते एप्रिल कमी दर ठेवलाय. त्यासाठी नोंदणी झाली आहे ना, ते बिलावर तपासा. ज्यांच्याकडे नैसर्गिक गॅस आहे त्यांची बचत होईल असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरात साधे विजेचे बेसबोर्ड आहेत त्यांनी मात्र एक दिवसही थांबू नये. तुमच्याइतकंच घर तसं तापवायला २०,००० च्या वर युनिट लागतील, पंपाला साडेसात-आठ हजार.

मोगरा:
मी न्यू जर्सीतल्या एडिसनहून. आमच्याकडे उघडं स्वयंपाकघर आहे आणि हेड बरोबर समोरच्या भिंतीवर. दुसऱ्या वर्षी हवा कमी येऊ लागली, काळे कण पडायला लागले. तंत्रज्ञाने आवरण उघडलं, तर आतल्या नळकांड्यासारख्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर तेलकट काळा थर, बोट लावलं तर चिकटत होता. आमची रोजची फोडणी आणि शनिवारची तळणी! एका हेडच्या सफाईचे २७५ डॉलर दिले. जाळ्या दर महिन्याला धुवाच, पण आपल्यासारख्या घरात हेड शेगडीपासून लांब हवं आणि चिमणीची हवा खरोखर घराबाहेर जायला हवी. कोटेशनमध्ये हे कोणी लिहीत नाही.

कोथरूडकर:
आणि कडाक्याच्या थंडीत? उणे १५ सेल्सिअसला चालतो का?

झुळूक:
थंड प्रदेशासाठीचं मॉडेल असेल तर चालतो. उदाहरणार्थ मित्सुबिशीचं हायपर हीट उणे १५ ला पूर्ण क्षमता देतं आणि उणे २५ पर्यंत चालू राहतं. साधं मॉडेल तिथे निम्म्यावर येऊ शकतं. स्वस्त कोटेशनमध्ये बहुधा हीच मेख असते, म्हणून मॉडेल नंबर लिहूनच मागा. आणि रात्री बंद करून सकाळी एकदम वाढवू नका, एकाच तापमानाला ठेवा.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

ते छोटं दार उघडलं. आत हात घातला तर बाहेर अंगणात उभं राहिल्यासारखी हवा लागली. इन्सुलेशन खाली सरकून ढीग झालं होतं, मधल्या फळ्या उघड्या. घराची तपासणी झाली, वायरिंग ठीक निघालं, इन्सुलेशनचं काम पुढच्या महिन्यात आहे. एका चौथ्या माणसाने पूर्ण दिवस मोजमाप करून मॅन्युअल जे दिलं: आज ३१,०००, इन्सुलेशननंतर २६,०००. पाच हेडवाल्याने साडेचार टन धरले होते!

आता दोन स्वतंत्र जोड्या घेतोय, एक खाली बैठकीत आणि एक वरच्या मजल्यावर. कोटेशन १३,४००, पॅनेल बदलावं लागत नाही. गरम पाण्यासाठी आणि फार थंडीसाठी बॉयलर सध्या ठेवतोय. पूर्ण घराचा रिबेट त्यामुळे मिळणार नाही हे माहीत आहे, पण आमच्या हिशेबात हेच बसतं. एकच शंका: वरच्या जोडीचं बाहेरचं युनिट मागच्या भिंतीवर ब्रॅकेटला लावू का?

झुळूक:
ब्रॅकेटला नको, कंपनाची घरघर बेडरूममध्ये येईल. जमिनीवर स्टँड करून घ्या, तुमच्याकडे साचणाऱ्या बर्फापेक्षा उंच. आणि छताच्या पागोळ्या युनिटवर पडणार नाहीत अशी जागा निवडा, ते पाणी पंख्यावर गोठतं. आईंची खोली मागे असेल तर बाजूची भिंत बघा.