प्रतिसाद: स्टार आतल्यांचे, रस्त्यावरच्यांचं काय?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की पाच स्टारवाली एसयूव्ही घेतली की सुरक्षिततेचा प्रश्न मिटला. कुणाच्या? २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये (गाड्यांची धडक-चाचणी घेऊन स्टार देणारी योजना) गुण मिळतात ते गाडीत बसलेल्या मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी. पादचाऱ्यांसाठीचं किमान मानक पाळलं की पुरे, त्याचे वेगळे तारे नाहीत.

मुळात फरक बॉनेटच्या उंचीचा आहे. सेडानचा मार पायांवर बसतो, माणूस बॉनेटवर कोसळतो. वाईटच, पण उंच, सपाट तोंडाची गाडी थेट कंबर-छातीवर आदळते आणि माणूस पुढे फेकला जातो, चाकांच्या वाटेत. अमेरिकेतल्या आयआयएचएस संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांत पादचाऱ्याच्या मृत्यूची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्याच गाडीपुढे पाच वर्षांच्या भाचीला उभं केलं (इंजिन बंद, चावी बायकोच्या हातात). सीटवरून मला दिसला फक्त तिचा वर केलेला हात. "मामा, मी दिसतेय का?" दिसत नव्हती. मागे सेन्सर आहे, पुढे काहीच नाही.

आणि त्या बुलबारवाल्यांना (बंपरपुढे लोखंडी दांडे बसवणाऱ्यांना) दंडवत. २०१७ पासून केंद्राने कारवाई करायला सांगितलंय, तरी बाजारात मिळतात. बंपर दबून माणसाला जे थोडंफार वाचवतं, तेही लोखंड लावून घालवायचं!