मदत हवी आहे: मुक्तस्रोत ब्राउझरचं नाव बदलायचंय

शून्यबिंदू: फायरफॉक्सच्या कोडवर बेतलेला ब्राउझर आहे. सध्याच्या नावाचं दुसरं सॉफ्टवेअर आधीपासून आहे, म्हणून नवं नाव हवंय. यादीत 'गवाक्ष' आणि 'झरोका' उरलेत. पक्कं करण्याआधी काय तपासावं? आणि कोडमध्ये बदल कुठे कुठे करावे लागतील?

अल्पविराम: आधी ट्रेडमार्क बघा. फायरफॉक्सचा परवाना, मोझिला पब्लिक लायसन्स २.०, कोड वापरू देतो, पण कलम २.३ प्रमाणे नाव आणि लोगोवर हक्क देत नाही. वायपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये वर्ग ९ (डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर) शोधा. सिंक (बुकमार्क वगैरे सगळ्या उपकरणांवर सारखे ठेवणं) वगैरे सेवा देणार असाल तर वर्ग ४२ सुद्धा. नुसतं स्पेलिंग जुळवून भागत नाही, उच्चाराने जवळची नावंही अडचणीत आणतात.

एवढ्यावर थांबू नका. फायरफॉक्स २००२ मध्ये 'फीनिक्स' होता. बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) बनवणाऱ्या फीनिक्स टेक्नॉलॉजीजच्या ट्रेडमार्कमुळे २००३ मध्ये तो 'फायरबर्ड' झाला, तर त्या नावाचा मुक्तस्रोत डेटाबेस आधीच होता. त्या मंडळींनी जोरदार हरकत घेतली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये 'फायरफॉक्स' हे तिसरं नाव घ्यावं लागलं. म्हणून गिटहब (कोड ठेवायची साइट) आणि डेबियन, फेडोरा या लिनक्स प्रणालींच्या पॅकेज याद्याही चाळा.

तिरपी रेघ: दोन्ही नावं ऐकायला छान आहेत, पण रोमन लिपीत लिहून बघा. 'झरोका'चा झ काही जण 'झेड'ने लिहितील, काही 'जेएच'ने. 'गवाक्ष'च्या शेवटी 'ए' लावायचा की नाही? ऐकून टाइप करणारा माणूस तुमच्या साइटवर पोचलाच पाहिजे. दहा जणांना फोनवर नाव सांगा आणि लिहून मागा. अगदी साधा शब्दही नको: ग्नोम या लिनक्स डेस्कटॉप प्रकल्पाने आपल्या एपिफनी ब्राउझरचं नाव 'वेब' केलं, ते सर्चमध्ये सापडता सापडत नाही. डेबियनमध्ये त्याचं पॅकेज आजही एपिफनी-ब्राउझरच आहे.

शून्यबिंदू: म्हणजे दिसणारं नाव आणि आतलं नाव वेगळं ठेवता येतं?

अल्पविराम: हो, आणि खरी मेख तिथेच आहे. दिसणारं नाव ब्रँडिंग फोल्डरमधल्या ब्रँड डॉट एफटीएल, ब्रँड डॉट प्रॉपर्टीज आणि कॉन्फिगर डॉट एसएच या फायलींत असतं. मोझकॉन्फिग या बिल्डच्या सेटिंग फाइलमध्ये 'विथ-ब्रँडिंग'ला त्या फोल्डरचा पत्ता द्या. चिन्हंही तिथेच बदलतात. हे सोपं काम.

आतलं नाव बदललं की प्रोफाइल फोल्डरचा (वापरणाऱ्याचा डेटा असतो तो) पत्ता बदलू शकतो. मग अपडेटनंतर ब्राउझर कोरा उघडतो, आणि बुकमार्क, पासवर्ड उडाले असं लोकांना वाटतं. डेटा जुन्या फोल्डरमध्ये शाबूत असतो, पण तक्रारींचा पूर येतो. पहिल्यांदा सुरू होताना जुनं प्रोफाइल शोधून त्याची प्रत घेणारा कोड आधी लिहा. जुनं फोल्डर मात्र पुसू नका.

तिरपी रेघ: लिनक्सवर डॉट डेस्कटॉप फाइलचं (मेनूत अ‍ॅप दाखवणारी) नाव बदललं की डीफॉल्ट ब्राउझरची निवड जाते. त्यातलं स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लास (खिडकी कोणत्या अ‍ॅपची ते सांगणारी नोंद) जुनंच राहिलं तर टास्कबारवर दोन चिन्हं दिसतात. फ्लॅटपॅकचा (लिनक्सवर अ‍ॅप वाटायची एक पद्धत) आयडी बदलणार असाल तर जुन्यावर 'एंड-ऑफ-लाइफ-रीबेस' (लोकांना नव्या आयडीवर नेणारी खूण) लावा. यूझर-एजंटमधला (ब्राउझर साइटला सांगतो ती ओळख) फायरफॉक्स हा शब्द मात्र राहू द्या. तो बघून पान कसं द्यायचं ते ठरवणाऱ्या साइट्स अजून बऱ्याच आहेत.

आणि जुन्या अपडेट सर्व्हरचा पत्ता बंद करू नका. वर्षभराने लॅपटॉप उघडणाऱ्याची जुनी आवृत्ती तिथेच विचारणा करते.