‘क्लीव्ह’ : चिरणे की चिकटणे?

प्रश्न :
इंग्रजी बायबलचे १६११ सालचे भाषांतर मी मराठी बायबलशी ताडून वाचते आहे. उत्पत्तीच्या २२व्या अध्यायात अब्राहाम होमार्पणासाठी लाकडे फोडतो, तेथे ‘क्लेव्ह’ हे भूतकाळी रूप आले आहे. आणि रूथच्या पहिल्याच अध्यायात रूथ आपल्या सासूला, नामीला, बिलगून राहते, तेथेही नेमके तेच ‘क्लेव्ह’. मूळ क्रियापद दोन्हीकडे ‘क्लीव्ह’. एकाच शब्दाला असे उलटे अर्थ कसे आले? आपल्याकडे बांगडी फुटली की ‘वाढली’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार आहे काय?

उत्तर १ :
नाही. ‘वाढणे’ हा एकच शब्द आहे आणि ‘फुटली’ हे अशुभ तोंडून निघू नये म्हणून आपण तो मुद्दाम तेथे वापरतो. ‘क्लीव्ह’चा अर्थ मात्र कधी उलटलाच नाही, कारण ते मुळात दोन निराळे शब्द आहेत. जुन्या इंग्रजीत चिरणे या अर्थी ‘क्लेओफान’ आणि चिकटणे या अर्थी ‘क्लिफियन’ अशी दोन क्रियापदे होती. त्यांची रूपेही वेगवेगळी चालत, पण पुढे उच्चार बदलत गेले आणि दोन्ही एका रूपात येऊन मिळाली. जर्मनमध्ये हा भेद अजून दिसतो: चिकटवणे म्हणजे ‘क्लेबेन’, तर लाकूड फोडण्याला ऑस्ट्रियाकडे आजही ‘क्लीबेन’ म्हणतात. वाचताना एक खूण उपयोगी पडते: चिकटण्याच्या अर्थी या क्रियापदामागून ‘टू’ किंवा ‘अन्टू’ येते, आणि रूथच्या वाक्यात ते आहेच.

उत्तर २ :
वरील उत्तर अगदी योग्य आहे. थोडी भर घालतो. चिकटण्याच्या धातूशी ‘क्ले’, म्हणजे चिकणमाती, या शब्दाचे नाते आहे. चिरण्याच्या बाजूचा गोतावळा मोठा आहे: खाटकाचा सुरा तो ‘क्लीव्हर’, गाईचे दुभंगलेले खूर ‘क्लोव्हन’ आणि दुभंगलेल्या टाळूला लागणारे विशेषण ‘क्लेफ्ट’. मला सर्वांत आवडते ते लसणाचे उदाहरण. गड्ड्यातून सुटी होणारी पाकळी, म्हणजे ‘क्लोव्ह’, याच घराण्यातली. पण मसाल्यातली लवंग, तीही ‘क्लोव्ह’च, फ्रेंचमधील खिळ्यावरून आली, कारण तिचा आकार तसा दिसतो.

प्रश्नकर्ती :
दोघांचीही मनापासून आभारी आहे. रूथच्या ओळीतला तो ‘अन्टू’ मी वाचूनही लक्षात घेतला नव्हता. माझ्या टिपणवहीत ‘क्लीव्ह’ची एकच नोंद होती, तिच्या आता दोन करते, आणि लसूण व लवंग यांनाही वेगळे करते.