पिकअपचं ब्रेक पेडल सकाळी दगड, नंतर लोणी

मिरकरवाडा_लाइन
डिझेल पिकअप, पुढे डिस्क, मागे ड्रम, १ लाख ४० हजार किलोमीटर. रत्नागिरीहून मासळीचे क्रेट घेऊन आंबा घाटाने कोल्हापूर, येताना भाजीपाला. सकाळी गाडी चालू केल्याकेल्या पेडल दगडासारखं. नंतर मात्र पहिल्या दाबाला जवळजवळ तळाला जातं, लगेच दुसऱ्यांदा मारलं की वर येतं. ब्रेक ऑइल कमी होत नाही, कुठे ओल नाही. मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलतो तो) किट टाकून झालं, हवा काढून झाली, फरक शून्य. आता गॅरेजवाले अख्खा मास्टर बदला म्हणतात. बदलू का?

पाना_बारा
थांबा जरा. ही दोन वेगळी दुखणी दिसतात आणि दोन्हींचं खापर मास्टरवर फुटतंय.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा. बूस्टरमधला (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा डबा) उरलासुरला व्हॅक्यूम संपला की ते कडक होतं. मग जोरात दाबून मिनिटभर धरा. हळूहळू बसत गेलं तर मास्टरचे वॉशर आतल्या आत ऑइल सोडताहेत किंवा कुठेतरी गळतंय. हललं नाही तर मास्टर बहुधा ठीक. पाय तसाच ठेवून चावी मारा. इंजिन लागताच पेडल बोटभर खाली सरकायला हवं. नाही सरकलं तर व्हॅक्यूमचा घोटाळा.

आणखी एक बघा. दुसऱ्या दाबाला वर आलेलं पेडल पायाला कसं लागतं? स्पंजासारखं असेल तर लाइनमध्ये हवा. टणक असेल तर मागचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) ड्रमपासून लांब गेलेत. तेवढं अंतर कापायला मास्टरचं एका दाबातलं ऑइल पुरत नाही, म्हणून दुसरा दाब लागतो.

मिरकरवाडा_लाइन
मिनिटभर धरलं, अजिबात हललं नाही. वर आल्यावर टणक. चावी मारल्यावर मात्र सरकायला वीस-पंचवीस सेकंद गेले.

खारी_हवा
मग मास्टरचे पैसे वाचले. मागचे ड्रम उघडा, भाऊ. क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून ॲक्सलवर आणि चाकांवर गळत राहतं. ड्रमच्या आतल्या ॲडजस्टरचे (शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा स्क्रू) आटे गंजून जाम होतात. शूवरचा लायनर झिजत जातो, पण ॲडजस्टर फिरून ते अंतर भरून काढत नाही.

पुढच्या चाकांना दगड लावा, मागून गाडी स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नको), हँडब्रेक सोडा. ड्रम निघत नसेल तर हातोड्याने फोडत बसू नका. बऱ्याच ड्रमवर आट्याची दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट आलटून पालटून आवळले की ड्रम स्वतःच बाहेर येतो. लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आला असेल तर दोन्ही चाकांचे शू एकदमच बदला. ॲडजस्टर पूर्ण खोलून वायर ब्रशने घासा, आट्यांना ब्रेकसाठीचं उष्णता झेलणारं ग्रीस अगदी पुसट लावा. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबरी बूट किंचित उलटून पाहा. आत ओल असेल तर ते गळायला लागलंय, मग बाहेर काही दिसत नसलं तरी.

ड्रम चढवून ॲडजस्टर चाक घासेपर्यंत फिरवा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत एकेक दाता मागे घ्या. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. गॅरेजमध्ये नेमकं उलटं करतात, आधी केबल ताणतात. मग शू पूर्ण मागे टेकत नाहीत आणि ऑटो ॲडजस्टरला काम करता येत नाही.

घाटवाट
सकाळच्या दगडाबद्दल. पेट्रोल गाडीसारखा व्हॅक्यूम डिझेलच्या इनटेकमध्ये तयार होत नाही, म्हणून वेगळा पंप असतो, पुष्कळ पिकअपमध्ये अल्टरनेटरच्याच पाठीला. रात्रभर उभ्या गाडीचा व्हॅक्यूम उतरला तर त्यात नवल नाही. पण इंजिन लागल्यावर तो काही सेकंदांत भरायला हवा, पंचवीस फार झाले.

आधी फुकटची कामं: बेल्ट सैल आहे का, व्हॅक्यूम पाइपला चीर आहे का, क्लिप घट्ट आहेत का. मग बूस्टरकडचा पाइप काढून वनवे व्हॉल्व्ह फुंकून पाहा. हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. पाइपात इंजिन ऑइल दिसलं तर पंप संशयित, आणि ते ऑइल बूस्टरच्या रबरी पडद्यापर्यंत पोचलंय का तेही बघा, रबर फुगतं. गेज मिळालं तर रत्नागिरीसारख्या समुद्रसपाटीच्या गावात ६०० मिमी पाऱ्याच्या वर रीडिंग हवं.

तोपर्यंत पेडल मऊ झाल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल किंवा इंजिन बंद, हे तर कधीच नाही. इंजिन बंद झालं की पंपच थांबतो.

मिरकरवाडा_लाइन
पाइप काढला. आत काळं ऑइल आहे. पंपाचं काम काढतोच. व्हील सिलिंडर बदलावं लागलं तर हवा काढायचा क्रम काय?

पाना_बारा
मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मास्टरपासून लांबचं आधी.

मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला लोडचा व्हॉल्व्ह असेल तर हवा काढताना चाकं जमिनीवर ठेवा. ॲक्सल लटकत राहिला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते, मागे ऑइल नीट जात नाही. दांडीचा नट गंजलेला असेल, सोडायच्या आधी जागेवर रंगाची खूण करा.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोज जिथपर्यंत वॉशर जात नाहीत तो मास्टरचा भाग खरबरीत झालेला असतो. पेडल तळाला नेलं की चांगले वॉशर तिथे कापले जातात.

ऑइल एक लिटर आणा, सीलबंदच. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा पिऊन जुनं झालं की ती हद्द १४० वर येते. डॉट ४ ची २३० आणि १५५. आपल्या दमट हवेत अर्धी उरलेली बाटली पुढच्या वेळेला ठेवू नका.