पुरणपोळी आणि मनाचा दुबळेपणा
एरवी पथ्य म्हणून पुरणपोळी ‘वाईट’ ठरवून वर्ज्य करायची, मग सणाला एकदम चार पोळ्या खाल्ल्या जातात आणि पुढे दोन दिवस उपास घडतो, हा अनेकांचा अनुभव माझाही आहे. मात्र त्याला काही जण मनाचा दुबळेपणा म्हणतात, ते मला पटत नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांना अन्नाखेरीज काही सुचेना आणि काही जण चक्क पाककृतींची पुस्तके जमवू लागले. (ती उपासमार आपल्या पथ्यापेक्षा कितीतरी कठोर होती, हे मान्य.) पण अन्न तोडले की मन त्याच्याभोवतीच घुटमळते, हे त्यातून दिसते. म्हणून आता मी पुरणपोळी वर्ज्य करत नाही; पोळीवर तुपाची धार सोडून सावकाश जेवते, दुसऱ्या पोळीच्या मध्यावर पुरणाची गोडी बोथट होते, तिथे हात आपसूक थांबतो, कारण उरलेली पोळी उद्या दुधाबरोबर खायची मला मुभा असते.